आतल्या, भारीतल्या बीच रिसॉर्टचं बुकिंग करायच्या आधी कागदावर तास मांडा

डिसेंबर जवळ आला की निम्मं कोल्हापूर घाट उतरायच्या तयारीला लागतं. तारकर्ली झालं, देवबाग झालं, गणपतीपुळे तर इतक्यांदा झालंय की नारळवाला ओळखायला लागलाय, मग घरात कुणीतरी म्हणतंच की यंदा जरा गर्दी नसलेलं बघूया की, एकदम आतलं, भारीतलं. लगेच फोटो येतो. पांढरा पडदा वाऱ्यावर उडतोय, समोर निळंशार पाणी, माणूस एक दिसत नाही. एका रात्रीचे बारा हजार.

घ्यायचं का? आम्ही दोन वर्षांमागं घेतलं होतं, दोन रूम, पाच जण, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई धरून. कुठलं ते सांगत बसत नाही, निम्मी चूक आमचीच होती. आणि गंमत म्हणजे यंदा परत चाललोय, फक्त आता ठरवायची पद्धत बदललीय, तीच सांगते.

पहिली गोष्ट, फायदे-तोट्यांचे दोन कॉलम करू नका. आम्ही तेच केलं होतं, फ्रिजवर कागद चिकटवून, डावीकडं शांतता, प्रायव्हसी, उजवीकडं महाग, लांब. त्यातनं काही कळत नाही, कारण तिथली शांतता सकाळी साडेसहाला फायदा असते आणि रात्री सव्वानऊला तोटा. त्यापेक्षा कागदावर तास लिहा. दुपारी दोनला चेक-इन, दुसऱ्या दिवशी अकराला चेक-आउट, म्हणजे पैसे एका दिवसाचे आणि हातात एकवीस तास. प्रत्येक तासापुढं लिहायचं की ह्या वेळी घरातला कोण काय करत असणार, त्याला भूक लागणार का, तो कुणाच्या डोक्यावर बसणार. आणि खरं लिहायचं. घरी रात्री बारापर्यंत मोबाईल बघणारा माणूस तिथं जाऊन पहाटे योगा करणार असं लिहू नका.

सुरुवात दोनच्या आधीपासून करा. मालवण-देवगडकडं जायचं तर गगनबावड्यावरनं करूळ घाट नाहीतर राधानगरी-दाजीपूरवरनं फोंडा घाट, वेंगुर्ला-शिरोड्याकडं जायचं तर आजऱ्यावरनं आंबोली, रत्नागिरीकडं आंबा. कुठला घाट चालू आहे ते आदल्या दिवशी विचारूनच निघा, करूळ रुंदीकरणासाठी २०२४ च्या जानेवारीपासून वर्षभर बंद होता आणि लोक गगनबावड्यापर्यंत जाऊन परत फिरत होते. घाटाचं एक वेळ ठीक आहे, खरा वेळ शेवटच्या आठ-दहा किलोमीटरला लागतो. मॅप वीस मिनिटं दाखवतो, पण रस्ता एका गाडीचा, दोन्ही बाजूला चिऱ्याचं कुंपण, समोरनं टेम्पो आला की एकानं मागं जायचं. हे अंधारात करायचं नाही. सकाळी सातला मिसळ खाऊन निघा, दुपारचं जेवण मालवणात नाहीतर कणकवलीत साध्या खानावळीत उरका आणि मग दोनला रिसॉर्टला लागा. ह्यात एका जेवणाचे पैसे वाचतात, ते कसे ते पुढं सांगते.

आता आमचं काय झालं ते. पोचलो, पोरांनी बॅगा टाकल्या आणि सुटली, तीन वाजले असतील. खाली जाऊन बघतोय तर बीचच नाही. फोटोतली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, पूर्ण पाण्याखाली, लाटा थेट दगडाच्या बांधावर. पोरगं म्हणालं, आई, समुद्र फुल्ल झालाय. मॅनेजर म्हणाला मॅडम सहापर्यंत थांबा, उतरेल.

हे आम्हाला घरी बसून कळलं असतं. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. आम्ही गेलो तो दिवस संकष्टीचा. चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनच्या सुमाराला परत. तिथनं सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी लांब गेलेलं असतं, आणि ते उधाणाचे दिवस असल्यानं भरती जशी मोठी तशी ओहोटीपण मोठी, पुळण रुंद मिळते. अष्टमीला बरोबर सूर्यास्ताला भरती, पण ते भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही न फार उतरत नाही. मिनिटाला मिनिट जुळत नाही हे खरं, नेमकी वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक बघावं, पण बुकिंगची तारीख ठरवायला कालनिर्णय पुरतं. तारकर्लीसारख्या लांबलचक किनाऱ्यावर ह्याचा फार फरक पडत नाही. हे आतले रिसॉर्ट असतात ते किनाऱ्याच्या छोट्या खाचेत, दोन बाजूला कातळ आणि मधे शंभर-दीडशे पावलांची वाळू, तिथं भरती म्हणजे बीच बंद.

आणि त्या वाळूपर्यंत पोचायचं कसं ते विचारा. आमच्या इथं जांभ्याच्या अठ्ठ्याहत्तर पायऱ्या होत्या, मी मोजल्यात. फोटोत त्या कधीच येत नाहीत, कारण फोटो वरनं काढलेला असतो. ह्यालापण कारण आहे, सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमानं गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून साधारण २०० मीटरपर्यंत नवं पक्कं बांधकाम करता येत नाही, त्यामुळं भारी रूम एकतर मागं असतात नाहीतर टेकाडावर. व्ह्यू मस्त, गुडघे गेले. आत्या एकदाच उतरल्या, चढताना चार ठिकाणी बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाल्कनीतनंच समुद्राला नमस्कार घातला. म्हणजे त्यांच्यासाठी आम्ही बारा हजाराची बाल्कनी घेतली.

आता रात्री नऊ. कागदावर ह्या तासाला सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्या माणसाला रात्री जेवल्यावर बाहेर पडायची सवय. गंगावेशीत कट्ट्यावर दूध, रंकाळ्यावर चक्कर, काही नाही तर आईस्क्रीमच्या नावाखाली अर्धा तास गप्पा. तिथं गेटच्या बाहेर माड, अंधार आणि दोन कुत्री. जेवणाची ऑर्डर सातच्या आत द्यायची असते हे आम्हाला आठला कळलं. त्यात आत्यांची संकष्टी, चंद्र उगवायला नऊ वाजत आले, आणि किचनमधनं निरोप आला की साबुदाणा नाहीये, उपवासाला किनोआचं सॅलड देऊ का. साडेसहाशे रुपये प्लेट. आलं. आत्यांनी चमच्यानं दोनदा हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतंय राजगिऱ्यागत, पण हे धान्य हाय का फळ ते आधी सांग मला." कुणालाच सांगता येईना. त्यांनी दोन केळी आणि कपभर दूध घेतलं आणि झोपल्या, सॅलड आमच्या ह्यांनी खाल्लं आणि रात्री अकराला विचारत होते की गाडीत चिवडा राहिलाय का.

मालवणात असतो तर कुठल्याही घरगुती खानावळीत सांगून ठेवलं असतं की संपलं असतं. आत राहण्याची हीच खरी किंमत आहे, पर्याय संपतात. एकच किचन, एकच मेनू, एकच दर. त्यामुळं बुकिंगच्या आधी फोन करून विचारा की किचन किती वाजता बंद, उपवासाचं मिळतं का, लहान मुलाला साधा वरणभात मिळतो का, बाहेरचं खाणं आत आणू देतात का, मासे आजचे का फ्रीजरचे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला किती वेळ घेतात ते ऐका. आणि लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात ताजी सुरमई म्हणून कुणी सांगितलं तर हसायचं फक्त.

पैशाचं बोलूया. वेबसाईटवर बारा हजार दिसतात ते टॅक्स सोडून. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या रूमला जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर गेली की १८. म्हणजे ७,५०० ची रूम ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयाच्या फरकाला हजार रुपये. त्यामुळं साडेसातच्या जरा वर रेट असेल तर बिनधास्त घासाघीस करा, आठवड्याच्या मधल्या वारी ऐकतात. बारा हजाराची रूम १४,१६०. आणि अशा भारी हॉटेलात जेवणावरपण १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या हॉटेलात ५ टक्के. म्हणून म्हटलं दुपारचं बाहेर उरका. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही, लाजायचं कारण नाही. एकवीस तासातली झोप आठ तास काढली तर जागं असलेल्या एका तासाला हजाराच्या वर पडतात, आणि त्यातला एक तास आम्ही वायफायचा पासवर्ड शोधण्यात घालवला.

एवढं रडगाणं गाऊन परत का चाललीस म्हणाल, तर त्या सकाळी साडेसहामुळं. सगळी झोपलेली, मी एकटी त्या अठ्ठ्याहत्तर पायऱ्या उतरून खाली गेले. पाणी उतरत होतं, ओली वाळू एकदम कोरी, आणि बघता बघता त्यावर नक्षी उमटायला लागली. बारीक खेकडे, करंगळीच्या नखाएवढे, बिळातनं बाहेर यायचे, वाळू तोंडात घालायचे आणि तिची गोळी करून मागं टाकायचे, मोहरीपेक्षा जरा मोठी. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्या, किरणांगत ओळी काढलेल्या. मी एक पाऊल टाकलं की आसपासचे सगळे गायब, मग हलायचं नाही, थांबायचं, की एकेक करून परत वर. पाऊण तास मी एका जागी उभी होते, माणूस म्हणून कुणी आलं नाही. हे गर्दीच्या बीचवरपण असतं म्हणा, पण तिथं ते दिसायच्या आधी तुडवलेलं असतं. हे ज्याला बघायचंय त्याला बारा हजार महाग नाहीत. ज्याला बनाना राईड करायचीय त्यानं सरळ तारकर्लीला जावं, तिथंच मजा आहे.

आठच्या सुमाराला पलीकडच्या टोकाला गावातली माणसं रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं दोरीनं ओढायचं मोठं जाळं, ओढायला लागली. रिसॉर्टचा सिक्युरिटीवाला जरा नाराज दिसला, कारण ब्रोशरमधे प्रायव्हेट बीच लिहिलंय. असलं काही नसतं, किनारा सगळ्यांचा, रिसॉर्टकडं असते ती फक्त वाट. आम्ही जाऊन दोरीला हात लावला, पोरांचे तळहात लाल झाले, निघताना त्यांनी मूठभर बांगडे हातात ठेवले. ते रिसॉर्टचं किचन भाजून देईना, बाहेरचं चालत नाही म्हणे.

बाकीचं पटपट. समुद्रात उतरायच्या आधी गावातल्या माणसाला विचारा, अशा ठिकाणी जीवरक्षक नसतो आणि अशा छोट्या खाचेत तळ एकदम खोल जाऊ शकतो. बीपी-शुगरची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या, रात्री मेडिकल मिळणार नाही, जिल्हा रुग्णालय ओरोसला आणि फारच सीरियस झालं तर लोक गोव्याला बांबोळीला नेतात, तेव्हा नुकतं ऑपरेशन झालेलं माणूस किंवा दिवस भरत आलेली बाई असेल तर आतलं ठिकाण नकोच. कॅश ठेवा, रेंज नसली की यूपीआय नाही. लाईट गेली तर जनरेटरवर एसी चालतो का फक्त दिवे, हे विचारा. फेब्रुवारीत जाणार असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख बघा, ती देवीच्या कौलावर ठरते, दरवर्षी वेगळी, आणि त्या दिवसात मालवणच्या आसपास रूम आणि रस्ता दोन्ही मिळत नाहीत. पावसाळ्यात रेट निम्म्यावर येतात पण सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, समुद्रात उतरणं बंद, घाटात दरडी. नुसतं पाऊस बघत झोपायचं असेल तरच.

आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी न्यायचा हट्ट सोडा. आमच्या कागदावर तास भरत गेलो तसं दिसायला लागलं की पोरांच्या आणि आत्यांच्या पुढं रिकामे तास जास्त, आमच्या दोघांच्या पुढं कमी. म्हणून यंदा मालवणात बाजारपेठेजवळ घरगुती रूम, आत्या, पोरं आणि माझी नणंद तिथं दोन रात्री, त्यातली एक रात्र आम्ही दोघं आत जाणार, गाडीनं अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. तारीखपण हिशोबानं काढली, पौर्णिमा, संध्याकाळी पुळण रुंद, वर चंद्र.

आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पौर्णिमेला मी मासं खात न्हाई. मालवणात जाऊन काय करू, वरणभात खाऊ?"

मग एक दिवस पुढं सरकवलं. प्रतिपदा, भरती साडेबारा-पाऊणच्या सुमाराला, संध्याकाळी सहाला पाणी चांगलं उतरलेलं असेल. चालतंय.