ब्रेस्टस्ट्रोक निवडताय? आधी गुडघ्यांना विचारा

मला ब्रेस्टस्ट्रोकला, म्हणजे बेडकासारखं पोहायच्या प्रकाराला, टाकलं ते माझ्या चालण्यावरून. वय दहा. टँकच्या ओल्या लादीवरून मी चालत होते आणि सर आईला म्हणाले, "हिची पावलं बदकासारखी बाहेर पडतात, हिला ब्रेस्ट जमेल." आईला आधी रागच आला. पण सरांचं बरोबर होतं. या किकमध्ये, म्हणजे पायांच्या फटक्यात, पावलं बाहेर वळली तरच पाणी मागे ढकललं जातं. ज्यांची मुळात वळत नाहीत, त्यांना ती वळवायला बराच काळ घासावं लागतं.

माझे बाबा सांगलीकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले. त्यांच्या मते बेडकासारखं पोहणं सगळ्यात सोपं. तोंड वर ठेवायचं आणि गप्पा मारत पलीकडे जायचं. स्पर्धेत मात्र हाच स्ट्रोक जीव काढतो, शिवाय पोहण्याच्या चारही प्रकारांत (फ्रीस्टाइल, बॅक, ब्रेस्ट, बटरफ्लाय) सगळ्यात हळू. पुरुषांच्या 100 मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम 46.40 सेकंदांचा आहे, ब्रेस्टस्ट्रोकचा 56.88, तो इंग्लंडच्या अॅडम पीटीने 2019 मध्ये केला. मध्ये दहा सेकंदांची दरी आहे, कारण दर वेळी हात आणि गुडघे पुढे आणताना आपणच आपल्याला ब्रेक लावतो. म्हणून किक मारून झाल्यावर अंग सरळ, बारीक करून किती सरकता येतं, यावर बरंचसं ठरतं. मी घाईची. सर काठावरून ओरडायचे, "अगं, थांब!" शर्यतीत थांबायचं कसं, हे मला चार वर्षं कळलं नाही.

कळलं ते मोजल्यावर. सरांनी एक दिवस घड्याळ बाजूला ठेवलं आणि नुसते स्ट्रोक (हात-पाय एकदा मारले की एक) मोजायला सांगितले. 50 मीटरला माझे 26 व्हायचे. तीन महिन्यांनी त्याच टायमिंगला 22 झाले आणि पलीकडे पोचल्यावर धाप कमी. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच: वहीत टायमिंगशेजारी स्ट्रोकचा आकडा लिहा. माझ्या 200 मीटरच्या नोंदी 22, 23, 25, 29 अशा असायच्या. चौथ्या लॅपला काय व्हायचं ते त्या 29 मध्ये दिसतं.

मग नियम. इतर स्ट्रोकवाले आमच्याइतके डिस्क्वालिफाय होत नाहीत, असं माझं प्रामाणिक मत आहे. टर्नला (भिंतीपाशी वळताना) आणि फिनिशला दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे भिंतीला लागले पाहिजेत. कोपरं पाण्याखाली हवीत, हात कमरेच्या मागे जायला नकोत (स्टार्ट आणि टर्ननंतर हातांनी पाणी मागे ओढायच्या पहिल्या फटक्याला, म्हणजे पुलला, तेवढी सूट आहे). पाण्याखालच्या त्या पहिल्या टप्प्यात (पुल-आऊटमध्ये) डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशासारखा फटका, एकच. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या कोसुके किताजिमाच्या डॉल्फिन किकवरून मोठा वाद झाला आणि त्यानंतर ही एक किक नियमात बसवली गेली.

माझी पहिली नॅशनल अशीच गेली. तिसरा टर्न. डावा खांदा जरा खाली गेला आणि उजवा हात आधी लागला. मला पाण्यातच कळलं होतं, तरी उरलेले 50 मीटर जीव तोडून पोहले. वर आले तेव्हा टर्नवरचे जज स्लिप भरत होते. लेन चार, कारण, सही. तेव्हापासून सरावात एकही टर्न एका हाताने घ्यायचा नाही, वॉर्म-अपलासुद्धा नाही. तुम्हीही घेऊ नका. दमल्यावर हात सवयीचंच ऐकतात.

आता गुडघा. पंधराव्या वर्षी एका शिबिरात आमच्याकडून रोज दोन हजार मीटर नुसती ब्रेस्ट किक मारून घेतली. पंधरवड्यात जिना उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ यायला लागली. मी बोलले नाही, कारण बोललं की संघातून नाव जातं असं सगळ्या मुलींना वाटायचं. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) या किकमध्ये दर वेळी ताणला जातो. खुबा नीट वळत नसेल तर तो सगळा ताण गुडघ्यावर येतो. पुढचे सहा आठवडे मी पायांत पुल-बॉय (तरंगणारा फोमचा ठोकळा) धरून फक्त हात मारत होते. फिजिओथेरपिस्टने किक अरुंद करायला लावली आणि खुब्याचे व्यायाम दिले. ते मी आजही करते. दुखलं की त्याच दिवशी सांगा.

आंतरराष्ट्रीय म्हणाल तर मी भारताची कॅप घालून परदेशात एकदाच पोहले, ज्युनिअर गटात. हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) आठ जणींत सातवी. शेजारच्या लेनमधल्या मुलीने पहिल्या पन्नासला 18 स्ट्रोक घेतले, हे मी नंतर व्हिडिओत मोजलं. माझं 200 मीटरचं सर्वोत्तम 2:41 आणि पॅरिस ऑलिंपिकची महिलांची थेट पात्रता वेळ 2:23.91. हे आकडे घरात आधीच बोलून घ्या, बारावीच्या वर्षी नको. पात्रता वेळ गाठणारा कुणी नसेल तर देशाला युनिव्हर्सॅलिटीतून (सगळ्या देशांना संधी मिळावी म्हणून ठेवलेल्या जागांतून) एक मुलगा आणि एक मुलगी पाठवता येते. पॅरिसला श्रीहरी नटराज आणि धिनिधी देसिंघू असेच गेले. म्हणजे तिथे तुमची स्पर्धा फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोकवाल्यांशीही असते.

वरच्या पातळीवर गेलात तर डोपिंग (बंदी असलेली द्रव्यं घेणं) चाचणीसाठी आपण कुठे आहोत याची माहिती सतत द्यावी लागते. लिथुआनियाची रूता मेइलुटिटे 2012 मध्ये पंधराव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली. पुढे बारा महिन्यांत तीन चाचण्या चुकल्या म्हणून तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. परतल्यावर 2023 मध्ये तिने 50 मीटरचा विश्वविक्रम केला, 29.16. सर्दीचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका, तेही डोपिंगच्याच खात्यात येऊ शकतं.

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोक पहिल्यांदा येतोय. आशियाई स्पर्धेत तो आधीपासून आहे. 2014 मध्ये इंचॉनला दिल्लीच्या संदीप सेजवालने त्यातच ब्राँझ मिळवलं होतं. पन्नासला सरकायला वेळच नसतो, सगळा खेळ हातांच्या वेगाचा. आमच्या टँकवर सध्या एक बारा वर्षांची मुलगी येते, माझ्याहून घाईची. परवा मी काठावरून सवयीने ओरडले, "अगं, थांब!" तर सर म्हणाले, "तिला नको सांगूस."