पुण्याहून उन्हाळ्यासाठी डोंगरातले गाव निवडताना

पुण्यात उन्हाळा एप्रिल-मेमध्ये असला, तरी आल्प्समधील उंचावरच्या पायवाटांवर मेमध्येही बर्फ असते. म्हणून स्वित्झर्लंडमधील झरमॅटला डोंगरभटकंतीसाठी जुलै-ऑगस्टमध्येच जावे. स्वित्झर्लंडसह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो लवकर करावा. झरमॅटमध्ये पर्यटकांच्या मोटारींना प्रवेश नसल्याने जवळच्या टॅश गावी गाडी ठेवून रेल्वेने जावे लागते.

उंचीचा विचार मात्र सर्वांत आधी करावा. सिंहगड सहज चढणाऱ्यालाही सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये विमानाने थेट उतरल्यावर त्रास होऊ शकतो, कारण विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीराला वेळ लागतो, आणि अंगातली ताकद तेथे कामी येत नाही. पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी. डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्यास आणखी वर न जाता डॉक्टरांना गाठावे.