आधी नफ्या-तोट्याची जबाबदारी मागा

अमेरिकन कंपन्यांत कृष्णवर्णीय अधिकाऱ्याची वाट उघड शिवीगाळीपेक्षा नेमणुकीनेच जास्त अडते. विविधता विभाग, जनसंपर्क, मनुष्यबळ अशी मानाची पदं पुढे केली जातात. सीईओ निवडताना मात्र नफा-तोटा कोणी सांभाळला ते पाहिलं जातं. म्हणून पद स्वीकारण्याआधीच विचारा: महसुलाचं उद्दिष्ट कोणाच्या नावावर? माणसं नेमण्या-काढण्याचा अधिकार कोणाकडे? बजेट किती? उत्तरं गुळमुळीत आली तर ते पद शोभेचं आहे. उर्सुला बर्न्स 1980 मध्ये झेरॉक्समध्ये इंटर्न म्हणून आल्या, उत्पादन आणि पुरवठ्याची बाजू सांभाळत चढल्या आणि 2009 मध्ये सीईओ झाल्या. फॉर्च्यून 500 म्हणजे महसुलाने सर्वात मोठ्या 500 अमेरिकन कंपन्यांच्या यादीतल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सीईओ.

डबघाईला आलेला विभाग हाती देत असतील तर ताबा घेताना त्याचे आकडे, मिळणारी मुदत आणि पैसा लेखी घ्या. नाहीतर जुनं अपयश तुमच्या खाती पडतं.

मार्गदर्शक सल्ला देतो, पाठीराखा बंद खोलीत तुमचं नाव घेतो. असे निदान दोन हवेत, तेही वेगवेगळ्या विभागांतले. एकटा असेल आणि तोच कंपनी सोडून गेला तर सगळं शून्यावर येतं.

‘अजून तयारी नाही’, ‘जरा आक्रमक वाटता’ अशा शेऱ्यावर वाद घालू नका. कोणता निर्णय चुकला, कोणत्या मापाने, किती महिन्यांत काय दिसायला हवं, हे विचारा आणि त्याच दिवशी ईमेलने पाठवून ठेवा.

नोंदवहीत तारीख, बोललेले नेमके शब्द आणि हजर माणसं लिहा. बहुतेकांकडून राहून जातं ते असं: त्याच हुद्द्याच्या गोऱ्या सहकाऱ्याला तशाच प्रसंगी कशी वागणूक मिळाली? खटल्यात ही तुलनाच बहुतेकदा वजनदार ठरते. वही स्वतःची असावी, कारण नोकरी जाते त्या दिवशी कंपनीचा लॅपटॉपही जातो. पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं खासगी ईमेलवर पाठवू नका; तेच काढून टाकायचं कारण होतं. गुपचूप रेकॉर्डिंगही जपून: कॅलिफोर्नियात खासगी संभाषणाला सगळ्यांची संमती लागते.

मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही. नोकरीतला भेदभाव रोखणारं 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण किमान 15 कर्मचाऱ्यांच्या कंपनीला लागू होतं. त्याखाली ईईओसी या समान रोजगार संधीच्या केंद्रीय आयोगाकडे 180 दिवसांत तक्रार करावी लागते. भेदभावविरोधी राज्य यंत्रणा असेल तिथे 300 दिवसांत. मनुष्यबळ विभागाची अंतर्गत चौकशी चालू असली तरी हे दिवस मोजले जातातच. आयोगाने दाव्याची परवानगी दिल्यावर न्यायालयात जायला फक्त 90 दिवस मिळतात. तक्रार केली म्हणून सूड उगवणं हा वेगळा गुन्हा नसला तरी बेकायदाच आहे, त्यामुळे तक्रारीनंतरचे बदलही टिपत राहा.

करारांत, म्हणजे नोकरीतही, वंशभेद रोखणाऱ्या 1866 च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या ‘कलम 1981’ खाली कर्मचारीसंख्येची अट नाही आणि भरपाईला सातव्या प्रकरणासारखी कमाल मर्यादाही नाही. पण वंश नसता तर निर्णय वेगळा लागला असता, हे सिद्ध करावं लागतं. नोकरी सोडताना मिळणाऱ्या पैशांच्या करारात हे दावे सोडून देण्याचं कलम बहुधा असतं, त्यामुळे वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नका.