कोल्हापुरातून एसटीने जाताना: गाडी कोणत्या आगाराची, हे आधी बघा

कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आणि रेल्वे त्यांतल्या तिघांनाच शिवते: करवीर, हातकणंगले, शिरोळ. १८९१ साली मिरजेहून आलेला रूळ कोल्हापुरात येऊन थांबला, तो आजही तिथेच थांबतो. पन्हाळा, शाहूवाडी, कागल, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड या नऊ तालुक्यांतल्या माणसाला तालुक्याला, कॉलेजला, दवाखान्याला जायचं तर एसटी लागते.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. तेव्हा कोल्हापूर अजून संस्थान होतं. मुंबई राज्यात ते १ मार्च १९४९ ला विलीन झालं. आज एसटीच्या कोल्हापूर विभागात कोल्हापूर, संभाजीनगर, इचलकरंजी, कुरुंदवाड, कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, गारगोटी, राधानगरी, गगनबावडा आणि मलकापूर अशी १२ आगारं आहेत. संभाजीनगर म्हणजे इथे मराठवाड्यातलं शहर नव्हे, आपल्या कोल्हापुरातलंच स्थानक. ही नावं पाठ असली तर पुढचं सगळं सोपं जातं.

गाडीचा दिवस कसा असतो

फलकावर आपल्याला एक वेळ दिसते. आगारात मात्र ती वेळ एका गाडीच्या आणि चालक-वाहकाच्या दिवसभराच्या शेड्यूलचा तुकडा असते. एकच गाडी सकाळी तालुक्याहून कोल्हापूरला येते, परत जाते, दुपारी आडगावाची फेरी करते आणि संध्याकाळी पुन्हा निघते. म्हणून सकाळची पहिली गाडी सहसा वेळेवर सुटते, कारण ती रात्रभर उभी असते. दुपारी चारची गाडी उशिरा आली, तर बहुतेक वेळा दोष चारचा नसतो. आधीची फेरी बाजारच्या गर्दीत किंवा घाटात अडकलेली असते.

म्हणून चौकशी खिडकीवर "गाडी किती वाजता?" एवढंच विचारून भागत नाही. "गाडी कुठून येत्या, आणि आली काय?" हे विचारा. कोल्हापुरातूनच सुटणारी गाडी आणि सांगली-मिरजेकडून येऊन पुढे कोकणात जाणारी गाडी यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या गाडीची कोल्हापूरची वेळ अंदाजाची समजावी आणि पुढची जोडगाडी धरायची असेल तर तिच्या भरवशावर राहू नये.

दुसरी गोष्ट शेवटच्या गाडीची. रात्री तुमच्या तालुक्याला जाणाऱ्या दोन गाड्या असतील, तर त्या तालुक्याच्या आगाराची गाडी धरा. तिला घरी जायचंच असतं. तिचे चालक-वाहक तिथलेच असतात आणि सकाळची फेरी तिच्यावरच लावलेली असते. जाऊन लगेच परत यायची गाडी मात्र माणसं किंवा गाड्या कमी पडल्या की रद्द व्हायचा धोका जास्त. आगाराचं नाव गाडीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. नंबरप्लेटवरून आगार ओळखता येत नाही. एमएच १४ ची गाडी पिंपरीची किंवा एमएच २० ची छत्रपती संभाजीनगरची असते असं अनेकांना वाटतं. पण एसटीच्या कित्येक गाड्यांची बांधणी दापोडी आणि चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांत झाली आणि नंबरही तिथलाच पडला. तीच गाडी पुढे चंदगडला धावते.

खेड्यात राहणाऱ्यांनी मुक्कामी गाडीचा हिशोब नीट समजून घ्यावा. रात्री गावात येऊन थांबणारी गाडीच सकाळी पोरांना शाळा-कॉलेजला नेते. रात्रीची मुक्कामी आली नाही, तर सकाळची पहिली गाडी नाही, हे धरूनच चाला. परीक्षेच्या दिवसांत रात्री नऊ-दहाला गाडी आल्याची खात्री करून घ्या. नसेल आली तर त्याच रात्री पोराला पोचवायची दुसरी सोय बघा. सकाळी सहाला थांब्यावर उभं राहून ते कळलं तर पेपर चुकतो.

कोणतं स्थानक, कोणत्या मार्गे

पुणे, सांगली, बेळगाव, रत्नागिरी अशा लांबच्या गाड्या रेल्वे स्टेशनजवळच्या मध्यवर्ती बसस्थानकातून (बोलीत सीबीएस). गगनबावड्याच्या बाजूला रंकाळा स्थानक, तर गारगोटी-राधानगरीच्या वाटेवर संभाजीनगर. घर त्या बाजूला असेल तर सीबीएसला उलटं जाऊ नका, पण गाडीत जागा मिळण्याचा प्रश्न असेल तर जिथून गाडी सुटते तिथेच चढा.

पाटीवर गावाच्या नावाखालचं "मार्गे" आधी वाचा. इचलकरंजीची गाडी हातकणंगलेवरूनही जाते, हुपरीवरूनही. मधल्या गावात उतरणाऱ्याची इथेच चूक होते. कोकणात उतरणारे रस्तेही तसेच: रत्नागिरीला मलकापूरहून आंबा घाट, वैभववाडीला गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, कणकवलीला राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, सावंतवाडीला आजऱ्यावरून आंबोली. एक घाट दरडीने किंवा कामासाठी बंद झाला की गाडी दुसऱ्या घाटाने जाते आणि मधली गावं वगळली जातात. आपलं गाव त्या मधल्यात असेल तर पैसे देण्याआधी वाहकाला विचारा.

विनाथांबा आणि जलद गाड्या विनंती थांब्यावर उभ्या राहत नाहीत. चढायच्या आधी "अमुक फाट्यावर थांबणार काय?" हे विचारलं की वाद टळतो. घंटीची भाषा जुनीच आहे: एक बेल थांबायला, दोन बेल निघायला. दोरीला हात वाहकाने लावायचा, प्रवाशाने नाही.

तिकीट आणि सवलत

भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर मोजतात आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. टप्प्याच्या हद्दीपलीकडे अर्धा किलोमीटर गेलात तरी पुढचा टप्पा लागतो. शेजारच्या थांब्याचं भाडं एकदम वाढलेलं दिसतं ते यामुळे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, ५ ते १२ ला अर्धं. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. मोफत असलं तरी शून्य रकमेचं तिकीट घ्यावंच लागतं. सवलतीची रक्कम सरकारकडून एसटीला त्या तिकिटांच्या हिशोबावर मिळते. आजी-आजोबांना नेताना वयाचा पुरावा देणारं ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा. पिशवीच्या तळाशी असलं की चालत्या गाडीत शोधताना हाल होतात.

सीमाभागामुळे कोल्हापूरकरांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. निपाणी-बेळगावच्या एसटीत कागलच्या पुढे हद्द संपली की तिथून पूर्ण भाडं. त्याच फलाटाजवळ लागणाऱ्या कर्नाटकाच्या गाडीत आपली सवलत चालत नाही, आणि तिकडची महिलांची मोफत प्रवासाची शक्ती योजना कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठीच आहे. शहरातली केएमटी महापालिकेची. तिचे पास आणि सवलती वेगळ्या.

विद्यार्थ्यांना पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे एक तृतीयांश रक्कम भरायची. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. पास ठरलेल्या मार्गाचाच असतो. म्हणून अर्जात शाळेला खरोखर जाणाऱ्या गाडीचा मार्ग लिहा, नकाशावर जवळचा दिसणारा लिहू नका.

पुण्याला रविवारी संध्याकाळी किंवा दिवाळी उरकून जाणार असाल तर आरक्षण कराच. आरक्षित जागेवर खिडकीतून टाकलेल्या रुमालाचा हक्क चालत नाही. तिकीट उतरेपर्यंत सांभाळा. तपासणी पथक वाटेत कुठेही चढतं.

पावसाळ्यात

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पण रस्ते त्याच्या बरेच आधी बंद व्हायला लागतात. पहिल्यांदा पाण्याखाली जातात ते कोल्हापूर पद्धतीचे (नदीत आडवे बांधलेले बुटके) बंधारे, आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या खेड्यांच्या फेऱ्या लांबच्या वाटेने वळतात किंवा थांबतात. मग गगनबावडा रस्त्यावर मांडुकली, किरवे. रत्नागिरी रस्त्यावर केर्ली. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि पुण्याची वाट तुटली. पातळी झपाट्याने चढत असेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा बेत करू नका. जाताना उघडा असलेला रस्ता चार तासांत बंद होतो, आणि गाडी पलीकडे अडकली की तिची दुसऱ्या दिवशीची फेरीही जाते.

गाडीत पिशवी राहिली तर

उतरलेल्या स्थानकात धावाधाव करण्याआधी खिशातलं तिकीट बाहेर काढून बघा आणि गाडी कोणत्या आगाराची होती ते आठवा. वाहतूक नियंत्रकाला गाडी नंबर, सुटण्याची वेळ आणि मार्ग सांगितला की तो गाडीच्या पुढच्या स्थानकावर फोन करू शकतो. तिथे गाठ पडली नाही, तर गाडीच्या मूळ आगारात विचारा: गडहिंग्लजची गाडी असेल तर गडहिंग्लजला. वाहक ड्युटी संपवून हिशोब भरायला तिथेच जातो आणि सापडलेलं सामानही तिथेच जमा करतो.