कुस्तीवर गाणे कसे रचावे

सातारा-सांगली भागात जत्रा तोंडावर आली, की गावातल्या हौशी शाहिराकडे ‘आपल्या पैलवानावर एखादे गाणे करा’ अशी मागणी हमखास येते. अशी बहुतेक गाणी वाघ, सिंह आणि भीम यांच्या उपमांनी सुरू होतात व त्यांच्यावरच संपतात, आणि म्हणूनच ती कोणत्याही पैलवानाला लावली तरी चालतात. ज्याचे गाणे त्यालाच शोभावे असे वाटत असेल, तर रचनेची सुरुवात मैदानातून न करता तालमीतून आणि त्याच्याही आधी त्याच्या घरातून करावी.

त्यासाठी तीन-चार दिवस पहाटे तालमीत जाऊन नुसते बसावे आणि दिसेल ते वहीत टिपावे: हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, माती खोऱ्याने उकरताना होणारा आवाज, तेल, ताक आणि हळद घातलेल्या त्या लाल मातीचा वास, जोर-बैठका मोजणाऱ्या वस्तादांचा सूर. नंतर घरी जाऊन त्याच्या आईला विचारावे, की खुराकाचे दूध कोणत्या म्हशीचे, थंडाई कोण वाटते आणि लंगोट कुठे वाळत घालतात. माझ्या अनुभवात गाण्याच्या उत्तम ओळी याच उत्तरांतून निघतात.

आईच्या तोंडी गाणे घालायचे असेल, तर मोठ्या अभंगाचा छंद सर्वांत सोयीचा पडतो. त्यात पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी 6 आणि चौथ्यात 4 अक्षरे येतात, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत जुळते. नमुन्यादाखल मीच रचलेली दोन कडवी देतो:

पहाटेच्या पारी । खोरे घेई हाती ।
उकरतो माती । लेक माझा ॥

दारात वाळतो । लंगोट तांबडा ।
मातीचाच सडा । अंगणात ॥

दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या खर्ड्यात ‘सिंहाची ती छाती’ असे शब्द होते. अक्षरे बरोबर सहा भरत होती आणि यमकही जुळत होते, पण ती छाती कोणाचीही असू शकली असती. ओल्या लंगोटातून ठिबकणाऱ्या तांबड्या पाण्याचा सडा मात्र त्याच अंगणात पडतो. अक्षरे बोटांवर मोजावीत आणि जोडाक्षर एकच अक्षर धरावे, म्हणजे हिशेब चुकत नाही.

प्रत्यक्ष लढतीचे वर्णन करायचे असेल, तर अभंग पुरा पडत नाही. तिथे पोवाड्याची चाल घ्यावी आणि टाळीवर आठ मात्रांचा ठेका धरून ओळ बसवावी (मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणारा वेळ; लघू अक्षराची एक, गुरूची दोन). डावांची नावे या कामी फार उपयोगी पडतात. ‘एकेरी पट’ मोजून पाहिल्यास बरोबर आठ मात्रा भरतात. ‘घिस्सा’ आणि ‘मोळी’ प्रत्येकी चार मात्रांचे असल्यामुळे शेजारी ठेवले की आवर्तन पूर्ण होते. ‘कलाजंग’ सहा मात्रांचा असल्यामुळे त्याला ‘तो’सारख्या दोन मात्रांच्या शब्दाची जोड द्यावी लागते. खडाखडीचे, म्हणजे डावाआधी एकमेकांचा अंदाज घेत चालणाऱ्या झटापटीचे, वर्णन संथ ठेवावे आणि डाव पडायची वेळ आली, की शब्द लहान व ओळी आखूड कराव्यात, कारण मैदानात हलगीही त्याच सुमारास चढत जाते.

डावाचे नाव वापरण्यापूर्वी तो डाव कसा मारतात, हे मात्र पाहून घ्यावे. कृष्णाकाठच्या एका जत्रेत मी ‘मळा’ला यमक हवे म्हणून पट काढणाऱ्या पैलवानाचा हात प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात घातला होता. गाणे संपल्यावर एक म्हातारे पैलवान जवळ येऊन शांतपणे म्हणाले, ‘पट पायाला काढत्यात, गळ्याला न्हाय.’ त्या दिवसापासून प्रत्येक गाणे मी आधी एखाद्या वस्तादांना वाचून दाखवतो, आणि त्यांनी खोडलेला शब्द कितीही गोड वाटला तरी ठेवत नाही.

नावाजलेल्या खेळाडूवर रचना करताना पदकाआधीची वाट सांगावी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, हे सगळेच गातात. परंतु 1948 साली लंडनला मातीची सवय असलेले त्यांचे पाय गादीवर उतरले आणि ते सहावे आले, या एका गोष्टीत पोवाड्याच्या अख्ख्या चौकाचा, म्हणजे एका पूर्ण भागाचा, ऐवज आहे. कवठेपिरानचे मारुती माने यांनी 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य जिंकले, तेव्हा त्यांच्यावरील पोवाड्यात कमरेखाली धरता येणारी आणि न येणारी अशा दोन कुस्त्यांतला फरक आला पाहिजे. हीच रीत कुस्तीबाहेरही चालते. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. त्या शर्यतीत दर फेरीला पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावी लागते, आणि दुष्काळी माणची मुलगी ती उडी घेते, एवढे सांगितले तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. वेगळी उपमा शोधावी लागत नाही.

साल आणि गावाचे नाव ओळीत बसत नसेल, तर ते मोडून-तोडून बसवू नये. दोन चौकांच्या मध्ये गद्यात सांगावे, कारण पोवाड्यात बोलायला जागा असतेच. हरलेल्या पैलवानाचे नाव आदराने घ्यावे आणि त्यानेही तितकीच माती उकरली आहे, हे निदान एका ओळीत यावे.

गाणे पुरे झाले, की ते एकदा हलगीवाल्यासोबत म्हणून पाहावे. ज्या शब्दावर श्वास अडेल, तो बदलावा. शेवटच्या कडव्याआधी हलगी थांबवायला सांगावी आणि आईच्या तोंडची ओळ वाद्याविना, बोलल्यासारखी म्हणावी. मैदान तेवढा वेळ गप्प राहते.