सल्लागार म्हणून सही करण्याआधी

करार हातात पडला की बहुतेकजण आधी रकमेचा आकडा शोधतात. तो कुठे पळून जात नाही. आधी कोरा कागद घ्या आणि स्वतःच्या शब्दांत लिहा: मी काय देणार, कोणाला, कधीपर्यंत आणि काय देणार नाही. हे शेवटचं कुणी लिहीत नाही, आणि तिथेच माणूस अडकतो. ‘त्या अनुषंगाने येणारी इतर कामे’ असे गरीब चेहऱ्याचे शब्द मसुद्यात हटकून असतात. त्यांच्या जोरावर तीन महिन्यांचं काम सहा महिने चालतं. ते खोडा, नाहीतर जादा कामाचा दर तिथेच लिहून घ्या.

मग शीर्षक झाकून मसुदा पुन्हा वाचा. कामाच्या वेळा, जागा, पद्धत सगळं समोरचाच ठरवतोय आणि दुसऱ्याचं काम घ्यायलाही बंदी आहे? मग ती नोकरीच आहे, फक्त पगारी रजा आणि विम्याशिवायची. अनेक देशांतली न्यायालयंही कागदावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार बघतात. ठेकेदाराची गोष्ट वेगळी: तो ठरलेली वस्तू तयार करून देतो, ती चालली पाहिजे हे त्याच्या डोक्यावर. सल्लागार कसोशीने अभ्यास करून मत देतो, निर्णय अशिलाचा. म्हणून ‘विक्री वाढेल’ अशी हमी मागणारं कलम दिसलं तर ते काढल्याशिवाय सही नको.

हक्कांचं कलम सावकाश वाचा. नोकरीत केलेल्या कामाचे हक्क सहसा मालकाकडे जातात; सल्लागाराचे बऱ्याच ठिकाणी लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क जातील असं घाला, आणि तुमचे आधीपासूनचे तक्ते, नमुने परिशिष्टात तुमच्या नावावर नोंदवा.

आता पैसे. फी तासावर, टप्प्यावर की दरमहा रिटेनर, म्हणजे ठरावीक तास राखून ठेवण्याची बांधील रक्कम? रिटेनर असेल तर न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जातात का? बिलाचे 30 दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की काम मंजूर झाल्यापासून, हे नक्की करा. मंजुरीलाच मुदत नसेल तर ते 30 दिवस कधी सुरूच होत नाहीत. आणि फीची तुलना पगाराशी करू नका, कर, विमा, रिकामे महिने तुमचेच.

तुम्ही द्यायच्या नुकसानभरपाईला कमाल मर्यादा हवी, मिळालेल्या फीइतकी असली तर उत्तम. गोपनीयता किती वर्षं ते बघा. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी, आणि काम मध्येच थांबलं तर झालेल्या कामाचे पैसे. समोरून सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे ना, हेही आधीच विचारून घ्या. विचारायला संकोच वाटतो, पण ईमेलवर एका ओळीत होतं.