विज्ञानकथेमुळे खासगी रॉकेट उडाले, हा दावा कसा तपासावा

खासगी अंतराळ कंपन्यांविषयीच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटते: अमुक उद्योगपतीने लहानपणी विज्ञानकथा वाचल्या आणि म्हणून त्याने रॉकेटची कंपनी काढली. या वाक्याचा पूर्वार्ध बहुधा खरा असतो, परंतु त्यातील ‘म्हणून’ या शब्दाला स्वतंत्र पुरावा लागतो आणि तो शोधण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. या विषयावर प्रकल्प, व्याख्यान किंवा लेख तयार करणाऱ्यांसाठी हा पुरावा कसा शोधावा व कसा तोलावा, याची एक पद्धत येथे मांडली आहे.

आरंभी दावा लहान करून घ्यावा. ‘विज्ञानकथेचा अंतराळ उद्योगावरील प्रभाव’ हे क्षेत्र इतके विस्तीर्ण आहे की त्यात काहीही सिद्ध करता येते. त्याऐवजी एक व्यक्ती, एक साहित्यकृती आणि एक निर्णय निवडावा. निर्णय म्हणजे ज्यासाठी पैसा खर्च झाला, माणसे नेमली गेली किंवा यंत्राची रचना ठरली, अशी गोष्ट.

त्यानंतर नावे बाजूला काढावीत. एलन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीच्या ज्या तरंगत्या तळांवर फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा (सर्वांत खालचा भाग) उतरतो, त्यांपैकी ‘जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स’ आणि ‘ऑफ कोर्स आय स्टिल लव्ह यू’ ही नावे विज्ञानकथाकार इयन बँक्स यांच्या कादंबरीतील अंतराळयानांची आहेत. व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या एका यानाला ‘एंटरप्राइझ’ हे नाव ‘स्टार ट्रेक’ मालिकेवरून मिळाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन हेवी या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात पाठवलेल्या मोटारीत आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ कादंबरीत्रयी कोरलेली क्वार्ट्झची चकती होती. हे सारे वाचकाच्या जिव्हाळ्याचे पुरावे आहेत आणि ते नोंदवावेतही, कारण कंपनी स्वतःकडे कसे पाहते हे त्यांतून कळते. मात्र नाव बहुधा यंत्राची रचना ठरल्यानंतर दिले जाते. ज्याचा जन्म नंतरचा, ते आधीच्या गोष्टीचे कारण ठरू शकत नाही.

साक्ष तपासताना पहिला प्रश्न तारखेचा असावा. यशस्वी झाल्यावर सांगितलेली बालपणाची आठवण आणि त्या काळातच झालेली नोंद यांचे वजन सारखे नसते. जेफ बेझोस यांच्या १९८२ मधील शाळा-समाप्तीच्या भाषणाचा वृत्तान्त मायामीच्या वृत्तपत्रात तेव्हाच आला होता. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत लाखो माणसांच्या वसाहती उभाराव्यात आणि पृथ्वी जपावी, असा विचार त्यात होता. त्यांच्या ब्लू ओरिजिन या रॉकेट कंपनीची स्थापना २००० सालची. म्हणजे ही साक्ष अठरा वर्षे आधीची आहे आणि म्हणूनच ती मौल्यवान आहे. परंतु येथे एक सावधगिरी हवी. अशा वसाहतींची कल्पना प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ’नील यांनी १९७४ पासून गणितासह मांडली होती. ते कथालेखन नव्हते. बेझोस पुढे प्रिन्स्टनमध्येच शिकले आणि मे २०१९ च्या सादरीकरणात त्यांनी ओ’नील यांच्याच फिरत्या नळकांड्यांसारख्या वसाहतींची चित्रे दाखवली. अशा ठिकाणी सगळे श्रेय विज्ञानकथेच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल. विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांच्याबाबत हीच चूक वारंवार होते: भूस्थिर कक्षेतील दळणवळण उपग्रहांची त्यांची १९४५ ची मांडणी ही एका तांत्रिक मासिकातील लेख होती, कथा नव्हे.

मूळ कृती स्वतः वाचावी आणि हाताशी कागद-पेन्सिल ठेवावी, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. ज्यूल व्हर्न यांची १८६५ ची चंद्रप्रवासाची कादंबरी घ्या, भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. या कथेतील मोहीम सरकारी नाही. बाल्टिमोरच्या तोफप्रेमींचा एक क्लब ती हाती घेतो आणि देशोदेशींहून वर्गणी काढून सुमारे ५४ लाख डॉलर जमवतो. खासगी अंतराळ मोहिमेची कल्पना इतकी जुनी आहे, ही बाब सारांश वाचणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाही.

आता गणित करू. कथेतील तोफ ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांब आहे आणि गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर आहे. वेगाच्या वर्गाला लांबीच्या दुपटीने भागले की त्वरण मिळते: १२ कोटी १० लाख भागिले ५४८, म्हणजे सुमारे २ लाख २० हजार मीटर प्रति सेकंद वर्ग. हे पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाच्या २२ हजार पटींहून अधिक आहे आणि त्यात कोणताही प्रवासी जिवंत राहणार नाही. रशियातील शिक्षक कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की यांनी आपल्या विचाराचे बीज व्हर्न यांच्या वाचनात असल्याचे सांगितले आहे, पण तोफेचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. वेग हळूहळू वाढवणाऱ्या रॉकेटचे गणित त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. प्रभावाचा हा प्रकार मला सर्वांत फलदायी वाटतो. कथा ध्येय देते, वाचक तिच्याशी वाद घालतो आणि त्या वादातून साधन निघते. म्हणून कृतीतून काय घेतले याबरोबरच काय टाकून दिले, याचीही टिपणे काढावीत.

पैसा आणि नेमणुका यांचा माग घेतला तर पुरावा अधिक घट्ट होतो. कादंबरीकार नील स्टीफन्सन यांनी ब्लू ओरिजिनच्या प्रारंभीच्या वर्षांत तेथे अर्धवेळ काम केले. रासायनिक रॉकेटला पर्याय असणाऱ्या पद्धती धुंडाळणे हा त्या काळातील कामाचा भाग होता आणि शेवटी कंपनी रासायनिक रॉकेटकडेच वळली. कथाकार कार्यालयात होता, तरीही यंत्र अभियांत्रिकीच्या कसोटीवर ठरले. ही दोन्ही विधाने लेखात शेजारी शेजारी यायला हवीत.

शेवटी विरोधी बाजू स्वतःच मांडून पाहावी. शेपटीवर उभे उतरणारे रॉकेट जुन्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर दिसते, म्हणून फाल्कन ९ ची रचना तेथून आली असे सुचवले जाते. परंतु मॅकडॉनेल डग्लसच्या डीसी-एक्स या प्रायोगिक यानाने १९९३ मध्येच न्यू मेक्सिकोत उभे उड्डाण करून उभेच उतरून दाखवले होते. शिवाय परत आणण्यासाठी इंजिने आणि इंधन रॉकेटमध्ये आधीच असतात, त्यामुळे पंख व चाके यांचे जादा ओझे टाळता येते, हे सरळ तांत्रिक कारण उपलब्ध आहे. एलन मस्क यांच्याबाबतही तसेच आहे: मंगळावर छोटे हरितगृह पाठवण्याची त्यांची मूळ कल्पना होती, रशियन रॉकेटची किंमत परवडेना आणि २००२ मध्ये स्पेसएक्स ही स्वतःची कंपनी निघाली. मंगळाची ओढ कदाचित वाचनातून आली असेल. रॉकेट बांधण्याचे निकटचे कारण मात्र किंमत हे होते.

लिहिताना क्रियापदे जपून वापरावीत. ‘नाव घेतले’, ‘ध्येय सुचले’, ‘सल्ला घेतला’ आणि ‘रचना ठरली’ हे चार वेगळे दावे आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. ब्लू ओरिजिनबद्दल मी एवढेच लिहीन: संस्थापकाच्या मनात कक्षेतील वसाहतींचे ध्येय १९८२ पासून होते, त्या ध्येयाला ओ’नील यांच्या शास्त्रीय मांडणीचा आधार मिळाला, कंपनीच्या पहिल्या वर्षांत एका विज्ञानकथाकाराचा सहभाग होता, आणि रॉकेटच्या रचनेवर कथेचा थेट परिणाम झाल्याचा पुरावा माझ्या वाचनात नाही.